डस्टर कुणाच्या हातात?

मी शाळेत चित्रकला शिकवते, पाचवी ते दहावी, आणि आमच्याकडे तास संपत आला की रोज एकच भांडण होतं. पुढच्या बाकांवरची मुलं हात वर करून ओरडायला लागतात, "मॅडम मी पुसू? मॅडम आज माझा नंबर!" फळ्यावर मी अर्धा तास खपून काढलेला बैल असतो, वशिंड, शिंगं, गळ्यातली घुंगरमाळ सगळं, आणि पुढचा तास गणिताचा असतो म्हणजे फळा रिकामा हवाच. मागच्या वर्षी एका मुलीने डस्टर घेतला आणि शेपटीपासून सुरुवात करून हळूहळू सगळा बैल पुसला, फक्त डोळा ठेवला, थोडा वेळ त्या एकट्या डोळ्याकडे बघत उभी राहिली आणि मग तोही पुसला. हाताला लागलेला खडू फ्रॉकला पुसून जागेवर जाऊन बसली.

नोकरीच्या सुरुवातीला मला या पुसण्याचं फार वाईट वाटायचं. आता वाटत नाही, आणि का वाटत नाही हे मला नीट कळलं ते दान पेर्झोव्स्की या रोमानियन चित्रकाराचं काम बघताना. त्याचं बहुतेक काम पुसलेलं आहे. म्हणजे जगातल्या मोठमोठ्या म्युझियमच्या भिंतींवर त्याने चित्रं काढली आणि प्रदर्शन संपलं की त्याच म्युझियमने त्यावर पांढरा रंग मारला, आणि हे त्याच्या संमतीने, आधीच ठरवून. लोक मग विचारतात की पब्लिकच्या पैशातून चालणाऱ्या संस्थांनी पुसून टाकायच्या चित्रावर खर्च का करायचा, आणि प्रश्न रास्त आहे, त्याला कलेतलं तुम्हाला काय कळतं असं म्हणून उडवून लावू नये. पण माझं म्हणणं असं आहे की भिंतीवरच्या चित्राबद्दल विचारायचा पहिला प्रश्न ते किती वर्षं टिकणार हा नाहीच. ते पुसायचा अधिकार कुणाकडे आहे, हा आहे. रोमानियाच्या बाबतीत तर हे अगदी ढळढळीत दिसतं.

पेर्झोव्स्कीचा जन्म १९६१ चा, सिबियू या ट्रान्सिल्व्हेनियातल्या जुन्या गावातला. तो तीन वर्षांचा असताना कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू सत्तेवर आला आणि डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा हा अठ्ठावीस वर्षांचा होता, म्हणजे सगळं शिक्षण, सगळी तरुण वर्षं त्या राजवटीत गेली. कलेचं रीतसर शिक्षण झालं, याश शहरातल्या अकादमीतून पेंटिंगची पदवी घेतली. आता त्या काळातली एकच गोष्ट सांगते. १९८३ मध्ये तिथे कायदा झाला की ज्याच्याकडे टाइपरायटर आहे त्याने तो पोलिसांकडे नोंदवायचा, आणि नुसता नोंदवायचा नाही तर त्या मशीनच्या अक्षरांचा नमुना दरवर्षी जमा करायचा, कारण उद्या कुठे सरकारविरोधी कागद सापडला तर तो कुठल्या मशीनवर टाइप झाला ते अक्षरांवरून शोधता यावं. प्रत्येक यंत्राचं 'अ' किंचित वेगळं उमटतं, एखाद्याचा दांडा झिजलेला असतो, एखादं अक्षर जरा खाली बसतं, तेवढं पुरेसं. अशा देशात वाढलेल्या माणसाने पुढे आयुष्यभर फक्त मार्कर आणि खडू वापरायचं ठरवलं तर मला त्यात काही योगायोग वाटत नाही. हे माझं वाचन आहे, त्याने तसं म्हटलंय असा माझा दावा नाही. पण मार्करची नोंदणी करता येत नाही, तो खिशात मावतो, आणि तो चालवायला कुणाची परवानगी लागत नाही हे तर खरंच आहे.

१९८९ नंतर राजधानी बुखारेस्टमध्ये '२२' नावाचं साप्ताहिक सुरू झालं, नाव २२ डिसेंबरवरून, ज्या दिवशी चाउशेस्कू हेलिकॉप्टरमधून पळाला. पेर्झोव्स्की नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे चित्रं काढायला लागला आणि पुढे वर्षानुवर्षं काढत राहिला. त्याचा हात तिथे तयार झाला असं मी मानते. साप्ताहिकाला दर आठवड्याला चित्र लागतं, बातमी आली की काढायचं, छापायचं, आणि पुढच्या आठवड्यात त्या अंकाची रद्दी. आपल्याकडे घरोघरी पेपरची रद्दी होते, महिन्याच्या शेवटी रद्दीवाला वजनकाटा घेऊन येतो, त्यात अग्रलेख असतात, व्यंगचित्रं असतात, त्याच्यावर कुणी रडत बसत नाही. कारण पेपरचं काम त्या दिवशी सकाळी चहाबरोबर झालेलं असतं. पेर्झोव्स्कीने केलं काय तर पेपरची ही सवय उचलून म्युझियमच्या भिंतीवर आणली. कागदावर रद्दी चालते आणि भिंतीवर गेलं की लगेच शंभर वर्षं टिकलं पाहिजे, हा हट्ट का?

त्याची चित्रं तुम्ही पाहिली नसतील तर सांगते. काडीसारखी माणसं, गोल डोकं, दोन रेघांचे पाय, मधे मधे इंग्रजी शब्द, शेडिंग नाही, रंग नाही. पालक-सभेत मी एकदा त्याचे फोटो दाखवले तर एक ताई लगेच म्हणाल्या, "हे तर माझा मुलगा पण काढेल." काढेल ना, आकृती नक्की काढेल. पण त्याचं एक बरंच गाजलेलं वाक्य-चित्र आहे, "मी एक्झॉटिक नाही, मी एक्झॉस्टेड आहे." म्हणजे मी कुणी लांबच्या देशातला नवलाईचा प्राणी नाहीये, मी दमलोय. दोन शब्द, दोघांची सुरुवात सारखी, आणि पूर्व युरोपातल्या माणसाकडे पश्चिम युरोप कसं बघतो याबद्दलची सगळी खदखद त्यात बसली. मी रोज मुलांना चित्र शिकवते म्हणून सांगते, भरणं सोपं असतं. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणारं पोर चित्रात डोंगर काढतं, सूर्य काढतं, नारळाचं झाड, झोपडी, नदी, नदीत बोट, कारण त्याला वाटतं जागा रिकामी राहिली तर मार्क जातील. यातलं काय काढायचं नाही हे कळायला मला स्वतःला वीस वर्षं लागली. पेर्झोव्स्कीची रेघ साधी दिसते ती बाकी सगळं गाळल्यानंतर उरलेली असते म्हणून, आणि ती भराभर काढता येते म्हणूनच तो त्या दिवशीच्या घडामोडीवर त्या दिवशी बोलू शकतो. तैलरंगात हे जमणार नाही, रंग वाळेपर्यंत मंत्रिमंडळ बदललेलं असतं.

१९९९ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, रोमानियाचं दालन होतं आणि त्यात पेर्झोव्स्कीने भिंती सोडून जमीन घेतली. सगळ्या जमिनीवर बारीक बारीक चित्रं, हजारोंनी. दालनात यायचं म्हणजे चित्रांवर पाय देऊनच यावं लागायचं, दुसरी वाटच नाही, आणि जसजसे लोक येत गेले तसतशी चित्रं घासून पुसट होत गेली. मराठी माणसाला इथे रांगोळी आठवणार, मलाही तीच आठवली, पण मग लक्षात आलं की फरक मोठा आहे. आपण रांगोळीला पाय लागू देत नाही. दारात रांगोळी असली की पाहुणा बाजूने वळसा घालून येतो, लहान मूल धावत आलं तर आई ओरडते, चुकून पाय लागलाच तर वाकून नमस्कार करतो. संध्याकाळी ती वाऱ्याने, झाडूने जायची असते, पण पायाने नाही. पेर्झोव्स्कीने नेमका पायच हिशेबात धरला होता. बघायला येणं आणि पुसणं ही एकच क्रिया करून टाकली त्याने, जो बघेल तो पुसेल. तिथे डस्टर प्रेक्षकाच्या पायात होता, आणि चित्रकाराने तो स्वतःहून दिलेला होता. मला या कामात सगळ्यात जास्त हलवणारी गोष्ट हीच वाटते. स्वतःच्या देशाचं दालन, अख्ख्या जगासमोर, आणि तिथे हा माणूस म्हणतो या, तुडवा. ज्या देशात दहा वर्षांपूर्वीपर्यंत नेत्याच्या फोटोला धक्का लावायची सोय नव्हती तिथून आलेला माणूस.

२००७ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियमने त्याला मधल्या उंचच उंच हॉलची भिंत दिली. तो लिफ्टवर चढून, म्युझियम चालू असताना, लोकांच्या देखत दोन आठवडे चित्रं काढत होता. लोक खाली उभे राहून बघतायत, हा वर मार्करने काढतोय, इराक युद्ध चालू होतं, रोमानिया त्याच वर्षी जानेवारीत युरोपियन युनियनमध्ये गेला होता, सगळं त्या भिंतीवर येत होतं. ऑगस्टच्या शेवटी प्रदर्शन संपलं, भिंत पुन्हा पांढरी. आता हिशोब करा. म्युझियमने त्यातून विकत घ्यायची वस्तू मिळवली नाही, गोडाऊनमध्ये ठेवायला काही नाही, विमा नाही, पुढे कधी लिलावात भाव वाढेल म्हणून वाट बघणं नाही. खर्च झाला तो माणसाला बोलावण्यावर आणि त्याच्या वेळेवर. नाटकाला आपण हेच करतो की. प्रयोग संपला की पडदा पडतो, पैसे वाया गेले असं कुणी म्हणत नाही. तमाशाचा फड रात्री रंगतो, सकाळी मैदान मोकळं असतं. चित्राच्या बाबतीतच आपल्याला हातात वस्तू लागते, भिंतीवर टांगायला, वारसांना द्यायला.

पण मी हे "सगळं क्षणभंगुर आहे, जाऊ द्या" अशा सुरात म्हणत नाहीये, कृपा करून तसं समजू नका. पुसणं ही फार भयंकर गोष्ट असू शकते, आणि रोमानियाने ती बघितली आहे. १९८० च्या दशकात चाउशेस्कूने बुखारेस्टच्या मध्यभागी आपला महाल बांधायला घेतला. त्याच्यासाठी जुन्या शहराचा सुमारे सात चौरस किलोमीटर भाग पाडला, घरं, चर्च, मठ, एक अख्खी उरानुस नावाची वस्ती, आणि अंदाजे चाळीस हजार लोकांना हलवलं. किती जणांना आवराआवर करायला काही दिवससुद्धा मिळाले नाहीत. त्या जागी उभी राहिलेली इमारत अजून आहे, पेंटागॉन या अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयानंतर जगातली सर्वात मोठी सरकारी इमारत म्हणून तिचं नाव घेतात, आज तिथे संसद भरते. म्हणजे टिकाऊपणाच बघायचा असेल तर रोमानियात सगळ्यात टिकाऊ काम चाउशेस्कूने केलंय, संगमरवरात. आणि त्या टिकाऊ वस्तूच्या पोटात एक वस्ती पुसली गेली ती कुणाला न विचारता. २००४ मध्ये सरकारने याच इमारतीच्या एका भागात राष्ट्रीय समकालीन कला म्युझियम उघडलं, तेव्हा पेर्झोव्स्कीने आणि त्याची बायको लिआ, जी स्वतः मोठी कलाकार आहे आणि जिने स्टुडिओतच समकालीन कलेचं संग्रहालय-वाचनालय उभं केलं, दोघांनी त्याला उघड विरोध केला. जागा फुकट होती, मोठी होती, पत्ता भारी होता. कुठल्या भिंतीवर काढायचं नाही हेसुद्धा चित्रकाराने ठरवायचं असतं, आणि ते त्यांनी ठरवलं. मी यात पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. काही लोक म्हणतात की आतून बदल करावा, पण अशी इमारत आतल्या माणसाला गिळते.

एकदा त्याने अंगावरच पक्की शाई वापरली आणि ती गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १९९३ मध्ये तिमिश्वारा शहरात, जिथून १९८९ चा उठाव सुरू झाला होता, एका परफॉर्मन्स महोत्सवात त्याने दंडावर टॅटू करून घेतला, एकच शब्द, 'रोमानिया'. जसं गुरांना डाग देतात तसं. दहा वर्षांनी, २००३ मध्ये, जर्मनीतल्या कासेलच्या प्रदर्शनासाठी त्याने तो लेझरने काढून टाकला. आता लेझरने टॅटू काढतात म्हणजे नक्की काय होतं, तर शाईचे कण फुटतात आणि बारीक होतात, मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं, त्यातले काही लसिकाग्रंथींत जाऊन बसतात. म्हणजे दंडावरून अक्षरं गेली पण शाई थोडीफार अंगातच राहिली. आपल्याकडे आज्ज्यांच्या हातावर गोंदण असायचं, माझ्या आजीच्या मनगटावर तुळशीवृंदावन होतं, ती म्हणायची मेल्यावर एवढंच बरोबर येतं. देशाचं नाव असं अंगावर गोंदवून घेणं आणि मग स्वतःच्या इच्छेने काढणं, यात मला देशद्वेष दिसत नाही. ज्याच्या अंगावर आहे त्याला ते काढायचा हक्क आहे, बस.

याच्या उलट, वाचवलेल्या भिंतीचं काय होतं तेही बघा. २०१२ मध्ये लंडनच्या वुड ग्रीन भागात बँक्सीने, म्हणजे नाव लपवून रस्त्यावरच्या भिंतींवर चित्रं काढणाऱ्या चित्रकाराने, एका दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर शिवणयंत्रावर ब्रिटिश झेंड्यांची माळ शिवणारं पोर काढलं. लोकांना ते आवडलं, आपल्या गल्लीचं वाटायला लागलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये भिंतीचा तो तुकडा कापून काढला आणि तो थेट मायामीत लिलावाला निघाला. आरडाओरडा झाला, तिथला लिलाव थांबला, मग काही महिन्यांनी लंडनमध्येच विकला गेला. चित्र वाचलं. बालमजुरीवरचं चित्र, ज्या गल्लीतल्या लोकांसाठी होतं त्यांच्यापासून सोडवून कुणाच्या तरी मालकीचं झालं. इथे कुणी डस्टर फिरवला नाही हे खरं, पण गल्लीसाठी ते पुसलंच गेलं, आणि ते कुणी पुसायचं याचा निर्णय ना चित्रकाराकडे होता ना गल्लीकडे. पेर्झोव्स्कीची भिंत कापून नेण्यात कुणाला रस नसतो, कारण सगळ्यांना माहीत असतं की महिन्याभराने ती पांढरी होणार आहे. मला हे त्याच्या चित्रांचं संरक्षण वाटतं.

आता माझ्या म्हणण्याला सगळ्यात जास्त ताण देणारा प्रसंग. २०२२ च्या उन्हाळ्यात कासेलला डॉक्युमेंटा भरलं, दर पाच वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, कलेतलं पंढरपूरच म्हणा. फ्रिडेरिचियानुम ही तिथली मुख्य जुनी इमारत, समोर मोठे खांब. ते खांब काळे करून पेर्झोव्स्कीने त्यावर पांढऱ्या रेघांनी चित्रं आणि शब्द काढले होते. आणि त्याच इमारतीसमोरच्या चौकात इंडोनेशियाच्या तारिंग पादी या गटाचं एक प्रचंड मोठं बॅनर लागलं, २००२ मध्ये रंगवलेलं, तिथला हुकूमशहा सुहार्तोच्या लष्करी राजवटीविरुद्ध. त्या गर्दीच्या चित्रात दोन आकृत्या ज्यूंची उघड विटंबना करणाऱ्या होत्या. लोकांनी त्या बघितल्या, जर्मनीत बघितल्या, आणि तिथला इतिहास सांगायची गरज नाही. आधी बॅनर काळ्या कापडाने झाकलं आणि दुसऱ्या दिवशी उतरवलं. गटाने माफी मागितली.

मग इथे पुसायचा अधिकार कुणाचा होता? माझ्या नियमाप्रमाणे चित्रकाराचा. मग उतरवलं ते चूक का? मी याच्यावर खूप दिवस विचार केला आणि मला वाटतं की उतरवलं ते बरोबर होतं, पण ते उतरवायची पाळी का आली हे जास्त महत्त्वाचं आहे. ते बॅनर एका देशात, एका रागात, वीस वर्षांपूर्वी रंगवलं गेलं आणि गुंडाळून दुसऱ्या खंडात नेऊन तसंच्या तसं उलगडलं. टिकाऊ होतं म्हणून ते शक्य झालं. ज्याला त्या चौकात, त्या लोकांसमोर, त्या आठवड्यात स्वतःच्या हाताने प्रत्येक आकृती नव्याने काढायची आहे, त्याचा हात त्या दोन आकृत्यांपाशी थांबला असता की नाही? मला वाटतं थांबला असता, निदान शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी विचारलं असतं, "अरे हे काय काढतोयस?" खांबांवर काढणाऱ्याला असे लोक रोज भेटतात. पुन्हा काढावं लागणं म्हणजे पुन्हा विचार करावा लागणं. पेर्झोव्स्कीच्या वह्या भरलेल्या असतात, तीच काही चित्रं तो वेगवेगळ्या शहरांत परत वापरतो, त्यावर टीका पण होते की हा तेच तेच काढतो. पण वहीतलं चित्र भिंतीवर चढवताना इथे हे चालेल का, हे आजही खरं आहे का, असं त्याला दर वेळी ठरवावं लागतं, आणि माझ्या दृष्टीने त्याच्या पुसण्याचा खरा फायदा हा आहे. अधिकार चित्रकाराचा असतो तशी जबाबदारीही त्याचीच, आणि ती एकदाच पार पाडून मोकळं होता येत नाही.

कुणी म्हणेल की मग प्रागचं काय. बरोबर आहे, प्रागच्या राष्ट्रीय तंत्रविज्ञान ग्रंथालयाच्या नव्या इमारतीत, २००९ मध्ये, मधल्या चौकाच्या उघड्या काँक्रीटवर त्याने दोनशेच्या आसपास चित्रं काढली आणि ती कायमची आहेत. म्हणजे तो स्वतः पण पुसण्याचा व्रतस्थ नाही. मला ती चित्रं फोटोत बघूनसुद्धा जरा वेगळी वाटतात, इमारतीची सजावट झालीये त्यांची, इंजिनीअरिंगची मुलं लॅपटॉप घेऊन त्यांच्याखाली बसतात आणि वर बघत असतील असं वाटत नाही. पण ते त्याने ठरवलंय, तिथे राहू द्यायचं म्हणून, त्यामुळे माझी तक्रार नाही. मला ते काम कमी आवडतं एवढंच.

जास्त आवडतं ते सिबियूचं. स्वतःच्या जन्मगावी, तिथल्या नाट्यगृहाच्या बाहेरच्या भिंतीवर, २०१० पासून तो एक 'आडवं वर्तमानपत्र' चालवतो. रस्त्यावरची भिंत, आत जायला तिकीट नाही, आणि वेळोवेळी जुनं जाऊन नवं येतं. रोमानियातल्याच रोशिया मोंताना गावच्या सोन्याच्या खाणीविरुद्ध २०१३ मध्ये लोक रस्त्यावर आले, डोंगर फोडून सायनाइडने सोनं वेगळं काढायचा प्लॅन होता, तेव्हा त्याची चित्रं त्या आंदोलनाबरोबर होती. २०१७ च्या हिवाळ्यात सरकारने रातोरात भ्रष्टाचाराचे गुन्हे सौम्य करणारा वटहुकूम काढला आणि लाखो लोक थंडीत चौकात उभे राहिले, सरकारला तो मागे घ्यावा लागला, त्या गर्दीत हाताने लिहिलेले, हाताने काढलेले पुठ्ठे होते, आणि ते बघताना वाटतं की वर्षानुवर्षं साप्ताहिकातून आणि भिंतीवरून कुणीतरी दोन रेघांत मुद्दा मांडायची सवय लावली असेल तर त्याचा थोडा वाटा त्या पुठ्ठ्यांत असणार. नक्की किती, ते मोजता येणार नाही.

माझ्या माहेरी चौकात मंडळाचा वार्ताफलक होता. काळा फळा, वर पत्र्याचं छप्पर, आणि रोज सकाळी एक काका ओलं फडकं घेऊन यायचे, कालचं पुसायचे आणि रंगीत खडूने आजचं लिहायचे. कुणाचं निधन, पाणी कधी येणार नाही, दहावीला कोण पहिलं आलं, आणि खाली एक ओळ नगरपालिकेला सुनावणारी. ती ओळ वाचायला लोक थांबायचे. एकदा ती ओळ दुपारपर्यंत कुणीतरी पुसली होती, काकांनी संध्याकाळी परत येऊन तीच ओळ पुन्हा लिहिली, थोड्या मोठ्या अक्षरात. मी तेव्हा सातवीत होते. सकाळी काकांनी कालची बातमी पुसणं आणि दुपारी दुसऱ्या कुणीतरी आजची ओळ पुसणं, यातला फरक मला तेव्हाच कळला होता बहुतेक, शब्दांत नव्हता एवढंच.

आता शहराशहरात उड्डाणपुलांच्या खांबांवर, शाळांच्या कंपाउंडवर सुशोभीकरणाच्या नावाखाली चित्रं रंगवतात, मोर, कमळं, वारली माणसं, हसरा सूर्य आणि स्वच्छतेचा संदेश. रंगवणारी मुलं मेहनती असतात, त्यातली काही माझीच विद्यार्थी आहेत, त्यांना चार पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. पण त्या भिंती वर्षानुवर्षं तशाच राहतात, रंगाचे पापुद्रे निघेपर्यंत, आणि त्यांच्यावर एकही वाक्य असं नसतं की जे कुणीतरी दुपारी येऊन पुसेल. माझी मागणी लहान आहे. प्रत्येक वॉर्डात एक भिंत अशी ठेवा की जी दर महिन्याला नव्याने काढायची, काढणाऱ्याने ठरवायचं काय काढायचं, आणि कोपऱ्यात दोन गोष्टी लिहायच्या, कुणी काढलं आणि कुठल्या तारखेला तोच माणूस येऊन पुसणार आहे. त्या तारखेच्या आधी दुसऱ्या कुणाला हात लावायचा असेल तर त्याने स्वतःचं नाव लिहून, कारण लिहून, सगळ्यांसमोर पुसावं. खर्च म्हणाल तर चुन्याची एक बादली आणि काळ्या रंगाचा डबा.

आठवीच्या मुलांना मी व्हेनिसच्या त्या जमिनीचे फोटो दाखवले तर पहिला प्रश्न आला, "मॅडम, लोकांना माहीत होतं का आपण पुसतोय ते?" मी म्हटलं, होतं, खाली बघितलं की दिसत होतं. मग मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, मी तर एका पायावर उड्या मारत गेलो असतो, कमी पुसलं गेलं असतं. यावर वर्गात दोन तट पडले, आणि गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले तरी ते भांडण चालूच होतं.